ज्याचं नाव, त्याचा नळ

माझ्या नावाचा एक नळ होता. थट्टा करत नाही. शिरवळजवळ हमरस्त्याला लागून आमचा कारखाना होता, तिथं दोन नंबरच्या शेडमागं हात धुवायची मोरी होती, त्या मोरीवरचा डावीकडून तिसरा नळ. त्याच्या मानेला तारेनं बांधलेला पत्र्याचा बिल्ला, आणि बिल्ल्यावर ठोकलेली अक्षरं : 'चौगुले, टाइम ऑफिस'. मिरजेहून बी.कॉम. होऊन इतक्या लांब नोकरीला आलेल्या माणसाच्या नशिबी हा मान आला होता, आणि तो आणणारे गृहस्थ म्हणजे आमचे पर्सोनेल ऑफिसर वाघमारे साहेब.

सकाळी पहिल्या पाळीची हजेरी चालू असायची. खिडकीबाहेर पन्नास माणसं रांगेत, कुणाचं कार्ड हरवलंय, कुणाला अर्धी रजा पाहिजे, आणि माझ्या मागं येऊन साहेब शांतपणे म्हणायचे, "चौगुले, तुमचा नळ गळतोय."

"प्लंबरला सांगतो, साहेब."

"सांगा की. पण आधी तुम्ही बघून या. वायसर गेलाय की कुणी नीट बंद केला नाही, ते प्लंबरला सांगता आलं पाहिजे."

"रांग आहे, साहेब."

"मी बसतो रांगेला."

आणि खरंच माझ्या खुर्चीत बसायचे. मी दात-ओठ खात मोरीकडं. परत येईपर्यंत त्यांनी निम्म्या रांगेला रजा का नको हे पटवून दिलेलं असायचं, आणि ती माणसं दुपारी माझ्याकडं येऊन भांडायची.

कारखाना नटबोल्टचा. बोल्ट तयार झाले की त्यांना जस्ताचा मुलामा द्यायचा, तो विभाग सगळ्यात मागं, ओढ्याच्या बाजूला. तीनेकशे कामगार. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. परदेशी गिऱ्हाइकं यायला लागली होती, पाहणीला येणारे लोक टाय लावून फिरत आणि 'पर्यावरण', 'कामगारांचा सहभाग' असे शब्द आमच्या मॅनेजर साहेबांच्या तोंडी नुकतेच बसायला लागले होते. वाघमारे साहेबांना मात्र हे खूळ त्याच्या कितीतरी आधीपासून. कारखान्यातल्या प्रत्येक नळाला, प्रत्येक पंख्याला, दिव्याच्या प्रत्येक बटणाला आणि कुंपणालगतच्या प्रत्येक झाडाला त्यांनी एकेका माणसाचं नाव दिलं होतं. कोणाचं काय, याचं एक लांबलचक रजिस्टर होतं आणि ते लिहायचं काम अर्थातच माझं.

साहेब दिसायला काही विशेष नव्हते. बुटके, काटक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, पायांत जाड सोलाच्या चपला. अधिकाऱ्यांसाठी जीप होती, तरी हे गावातून सायकलवर यायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, आणि तेच जास्त छळायचं. एखादा नळ ठिबकताना दिसला की त्याखाली ते एक रिकामा मग ठेवायचे. शेजारी उकिडवे बसून घड्याळ बघायचे. तो काठोकाठ भरला की न सांडता, शंभर पावलं चालत, त्या नळाच्या मालकाच्या मशीनपर्यंत न्यायचे आणि त्याच्यासमोर ठेवून म्हणायचे, "अकरा मिनिटं लागली." बस. एवढंच. पुढं एक शब्द नाही. तो बिचारा दिवसभर त्या मगाकडं बघत काम करायचा. सगळी शेड त्याला हसायची.

"आवं, त्यापरीस दोन शिव्या द्या की सायेब," एकानं हात जोडून सांगितलं होतं. "शिवी इसरून जातो मानूस. ह्यो मग लय वंगाळ."

चहाच्या प्लास्टिकच्या कपांवर त्यांनी बंदी घातली. प्रत्येकानं आपला स्टीलचा पेला आणायचा, त्याच्यावर टोकन नंबर ठोकून घ्यायचा, प्यायल्यावर स्वतः विसळायचा. माझा पेला दोन महिन्यांत तीनदा हरवला. तिसऱ्यांदा मी चहाच सोडला, तर साहेब म्हणाले, "हेही चांगलंच."

आणि कागद. नव्या कागदावर लिहायला म्हणून द्यायचे नाहीत. ऑफिसातले जुने पाठकोरे कागद गोळा करून त्यांचे गठ्ठे बांधायला लावायचे आणि रजेचे अर्ज, नोटिसा, मेमो, सगळं त्या पाठकोऱ्यावर. मी किती वेळा सांगितलं, साहेब, मागं काय लिहिलंय ते कुणी बघत नाही, एकदा घोटाळा होईल. "बघत जा की," म्हणाले. मी बघायला लागलो असतो तर पगारपत्रकं कधी केली असती?

व्हायचं तेच झालं. कॅन्टीनच्या वेळा बदलल्याची नोटीस आम्ही फलकावर लावली. फलकावर काच होती, मागं उजेडाची खिडकी होती, आणि कागद होता पातळ. पाठीमागं होती मॅनेजर साहेबांनी वरच्या ऑफिसला पाठवलेल्या रजेच्या पत्राची कच्ची प्रत. सासूबाईंच्या डोळ्याचं मिरजेला ऑपरेशन, पत्नी ऐकत नाही, निरुपाय आहे, असं सगळं साद्यंत. कुणीतरी काच सरकवून नोटीस उलटी करून वाचली. दुसऱ्या दिवसापासून मॅनेजर साहेब शेडमधून निघाले की दर मशीनवरून आदबीनं चौकशी. "सायेब, सासूबाईस्नी आता दिसतंय न्हवं?" तिसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. वाघमारे साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "चला, या निमित्तानं कामगारांनी नोटीस वाचली तरी."

मी एकदा वैतागून विचारलंच. पाण्याची काळजी घ्यायची तर प्लंबर वाढवा, पाट्या लावा, दंड करा. हे नावाचं काय लावलंय? नळाला माणसाचं नाव? लोक हसतात आपल्याला.

साहेब त्या वेळी मोडकी पिन सरळ करत होते. पिना ते फेकत नसत.

"माझा बाप मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत राबायचा," ते म्हणाले. "गावाची सगळी कामं करायचा. बांध त्यानं घातलेले, पाटाचं पाणी तो फिरवायचा. पण त्याला नावानं कुणी हाक मारली नाही. 'ए' म्हणायचे, नाहीतर जातीवरनं. छप्पन सालानंतर त्यानं बुद्धाचा धम्म घेतला आणि पहिलं काय केलं सांगू? घराच्या चौकटीवर कोळशानं आपलं आख्खं नाव लिहून घेतलं माझ्याकडून. वाचता येत नव्हतं त्याला. पण रोज तिथून जाताना तो अंगण झाडून जायचा." पिन त्यांनी डबीत टाकली. "ज्याच्यावर आपलं नाव असतं ते माणूस घाण ठेवत नाही, चौगुले."

मी रजिस्टर मिटलं. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी नळ गळतोय म्हणून ते परत आले तेव्हा माझा संताप होता तेवढाच होता.

आणि मान्य करावं लागेल, त्यांच्या त्या वेडापायी कारखान्याचं रूप पालटलं होतं. कामगार कुरकुरायचे, शिव्या घालायचे, पण जेवणाच्या सुट्टीत कुणी न सांगता पंखे बंद व्हायचे. दिवाळीच्या सुट्टीत एकजण आपल्या नावाच्या कडुनिंबाला पाणी घालायला दोन मैल चालत आला होता. त्याची बायको भांडली म्हणे. "घरच्या तुळशीला कवा पानी घातलं न्हाई, आन् कंपनीच्या झाडाचा पुळका आलाय."

मग ते व्हॉल्व्हचं प्रकरण झालं.

मुलामा देण्याच्या विभागातलं पाणी आंबटजहाल. ते एका टाकीत साठवायचं, चुना घालायचा, गाळ बसू द्यायचा, मग तांबडा लिटमस कागद बुडवून बघायचा. तो निळा झाला तरच व्हॉल्व्ह उघडून पाणी ओढ्यात सोडायचं. त्या व्हॉल्व्हवर नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली बाळू शेलारची. बाळू म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचा, कायम न झालेला कामगार. पुढच्याच महिन्यात त्याची कायम होण्याची ऑर्डर निघायची होती. लग्न ठरलेलं होतं आणि मुलीच्या बापाची अट एकच, आधी नोकरी कायम.

"सायेब, दुसरं कायबी द्या," तो गयावया करत होता. "धा नळ द्या. संडास द्या. ह्यो व्हॉल नगं."

"अरे, हा सगळ्यात मानाचा आहे," साहेब म्हणाले.

परदेशी गिऱ्हाइकाची पाहणी दोन दिवसांवर आली होती. मॅनेजर साहेबांनी वाघमारे साहेबांच्या बिल्ल्यांचे फोटो काढून त्यांची मोठी फाइल केली होती, चकचकीत प्लास्टिकच्या कव्हरची. सगळं कसं फळाला आल्यासारखं वाटत होतं. आणि त्या दुपारी टाकीतलं पाणी न निवळता ओढ्यात गेलं.

ओढ्याच्या खालच्या अंगाला हणमंतराव नावाच्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची शेती होती. ओढ्यावर इंजिन लावून त्यांनी त्याच संध्याकाळी वांग्यांना पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी, पाहुणे कारखान्यात फिरत असतानाच, ते करपलेली रोपटी कवळ्यात घेऊन गेटवर हजर झाले. ओरडले नाहीत. रोपटी रांगेनं मांडली आणि म्हणाले, "हिकडं या. बगा. ही माजी पोरं हायेत."

पाहुणे पाहत राहिले. कुणीतरी जबाबदार दाखवायला हवा होता. मॅनेजर साहेबांना फार शोधावं लागलं नाही. व्हॉल्व्हवर बिल्ला लटकत होता आणि बिल्ल्यावर नाव ठोकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी बाळूवर आरोपपत्र टाइप झालं. टाइप मीच केलं, नव्या कोऱ्या कागदावर.

मी आरोपपत्र घेऊन साहेबांकडं सहीला गेलो. त्यांनी ते तीनदा वाचलं. नंतर रजिस्टर मागवलं आणि बाळूच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. असं त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आता, मला एक साधा उपाय दिसत होता. रजिस्टर माझ्या हाताखाली. बाळूच्या ओळीत आठवडाभरापूर्वीची तारीख घालून 'नाव कमी केले' एवढं लिहिलं की झालं. बिल्ला काढायचा राहून गेला म्हणायचं. तीन शब्दांचं काम. मी ते साहेबांना सांगितलं.

"नाही," म्हणाले.

"साहेब, पोरगं मरेल. लग्न मोडेल त्याचं."

"खोटं लिहायचं नाही, चौगुले."

"मग खऱ्यानं वाचवा की!" मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. "तुमच्या नावाच्या नादापायी हे झालंय. नाव नसतं तर कुणाला काय सापडलं असतं? आम्ही इतकी वर्षं बोंबलतोय, ऐकलंत कधी?"

त्यांनी सही केली. सही करून आरोपपत्र माझ्या हातात दिलं, आणि त्या क्षणी मला त्यांची जी चीड आली तशी आयुष्यात कुणाची आली नसेल. पाच पैशांच्या पिना सांभाळणारा माणूस एक पोरगा सांभाळू शकत नव्हता. मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोललो. माझ्या नळाखाली मग लावून ठेवलेला दिसला तरी वळून बघितलं नाही.

खात्यांतर्गत चौकशीला साताऱ्याहून एक वकील आले. टिपणं घ्यायला मी. बाळू समोर बसलेला, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीखाली दाबून. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. "व्हय, व्हॉल मीच सोडला." कुणी सांगितलं? "न्हाई, कुनी न्हाई." त्याला घरच्यांनी पढवलं होतं, मोठ्यांची नावं घेतलीस तर उरलीसुरली आशा जाईल.

वकिलांनी विचारलं, कामगाराच्या बाजूनं कोणी साक्षीदार आहे का? बाळूनं मान हलवली. तेव्हा वाघमारे साहेब उठून उभे राहिले. आता पर्सोनेल ऑफिसर म्हणजे चौकशीत कंपनीच्या बाजूला बसणारा माणूस. ते कंपनीच्या बाजूच्या खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घातला आणि बाळूच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"साक्षीदार मी आहे. लिहा, चौगुले."

मी लिहायला लागलो.

"त्या दिवशी दुपारी मी नळांच्या फेरीवर तिथं होतो. मॅनेजर साहेब आले. दुसरा लॉट थांबलाय, टाकी रिकामी कर, म्हणाले. बाळू म्हणाला, कागद अजून निळा झाला नाही. मॅनेजर साहेब म्हणाले, होईल जाता जाता. मग बाळूनं माझ्याकडं बघितलं." ते थांबले. "मी नको म्हणालो असतो तर त्यानं व्हॉल्व्ह उघडला नसता. मी नको म्हणालो नाही. दोन दिवसांवर पाहणी होती. माझी योजना दाखवायची होती, फाइल तयार होती. भांडण नको वाटलं. मी घड्याळ बघितलं आणि बाहेर पडलो. एवढंच."

मॅनेजर साहेबांचा चेहरा लाल झाला होता. वकिलांनी हळूच विचारलं, "हे सगळं नोंदवायचं का, वाघमारे? तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"नोंदवा. आणि मला वाचून दाखवा, मग सही करतो."

मी वाचून दाखवलं. त्यांनी एक शुद्धलेखनाची चूक काढली, ती दुरुस्त करून घेतली आणि सही केली. बाळू खाली मान घालून रडत होता. त्याला म्हणाले, "आरं, रडतोस कशाला? तू बोलला व्हतास की. मीच न्हाई बोललो." इतक्या वर्षांत ऑफिसात त्यांच्या तोंडून मेढ्याची बोली मी तेवढीच ऐकली.

बाळू ताकीद देऊन सुटला आणि महिन्याभरानं कायम झाला. मॅनेजर साहेबांना वरून काय ऐकावं लागलं ते कळलं नाही, पण ते होते तिथंच राहिले. वाघमारे साहेबांची बदली सांगलीच्या गोदामात झाली. गोदामात एक वॉचमन आणि दोन हमाल, पर्सोनेल ऑफिसरनं तिथं करायचं काय? त्यांनी राजीनामा दिला. तोही पाठकोऱ्या कागदावर असणार, असं मी धरून चाललो होतो. मी तो फाइलला लावताना मागं बघितलं, तर कोरंच होतं. पहिल्यांदाच त्यांनी चांगला कागद वापरला होता, आणि मला वाटलं, आता हे बरोबर नाही झालं.

हणमंतरावांचं कंपनीनं आपल्या पद्धतीनं मिटवलं. ओढ्याच्या तळाला बसलेला चिकट पांढरा गाळ मात्र तसाच राहिला. तो कुणाच्या कामात बसत नव्हता. कंपनी म्हणे हद्दीबाहेर, ग्रामपंचायत म्हणे कंपनीचा. गुरं त्या बाजूला पाण्यावर जाईनात.

त्यानंतर मी साहेबांना एकदाच पाहिलं. मला साताऱ्याला मुलगी बघायला जायचं होतं. रविवार सकाळ. कडक इस्त्रीची पँट, नवा शर्ट, बूट पॉलिश केलेले. ओढ्यावरच्या पुलावरून एस.टी.च्या थांब्याकडं चाललो होतो, तर खाली माणसांचा आवाज. वाकून पाहिलं. साहेब गुडघ्यापर्यंत पँट दुमडून ओढ्यात उभे होते. पाणी दोन्हीकडून मातीच्या बांधानं अडवलेलं. बाळू खोऱ्यानं गाळ ओढत होता आणि आमच्याच कारखान्यातले सात-आठजण घमेल्यांनी तो वर नेऊन चुना टाकलेल्या खड्ड्यात रिकामा करत होते. सुट्टीच्या दिवशी. जे रोज त्यांच्या नावानं बोटं मोडायचे, तेच. हणमंतराव काठावर उभे राहून फौजेतल्यासारखे हुकूम सोडत होते. "डावीकडनं घ्या रं! तिकडं लय साठलाय!"

साहेबांनी वर पाहिलं.

"चौगुले! बरे भेटलात. एक घमेलं रिकामं आहे बघा."

"साहेब, जरा साताऱ्याला निघालोय. महत्त्वाचं काम आहे."

"असू द्या, असू द्या."

त्यांनी एवढ्या सहज सोडलं की मलाच अवघडल्यासारखं झालं. "येताना येतो, साहेब," मी म्हणालो. "दुपारपर्यंत परत येतोय. नक्की येतो."

"या," म्हणाले, आणि परत गाळात हात घातला.

मुलगी बघून झाली. चारच्या गाडीनं परत आलो. पुलावरून जाताना खिडकीतून दिसले, अजून काम चालूच होतं. थांबा पुलाच्या पलीकडं. उतरलो, आणि अंगावरच्या कपड्यांकडं बघितलं. म्हटलं, आता तासाभरात अंधार पडेल, आता जाऊन काय उपयोग. खोलीवर गेलो आणि पंखा लावून पडलो.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या खिडकीवर बाळू आला. कार्ड पुढं केलं, आणि जायच्या ऐवजी तिथंच उभा राहिला.

"काय रे?"

"काय न्हाई." त्याला बोलावं की नको कळत नव्हतं. "काल लय उशीर झाला आमास्नी. समद्यांनी सांगितलं, सायेब, मानसं दमली, ह्ये एक घमेलं मोकळंच पडलंय, ते हणमंतरावांच्या पोराला द्या, लवकर उरकंल. तर न्हाई म्हनले. चौगुले यायचेत, म्हनले."